पहिल्या साच्याची शिडी

४ जानेवारी

मामा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलं नसेल म्हणून आधीच सांगते, मी ठमी. तुमच्या ताईची मुलगी. पत्ता आईच्या डायरीत सापडला. तिने तो तीनदा खोडून नव्याने लिहिलाय, म्हणजे तुम्ही घर बदललंत की तिला कळत होतं.

बाबांच्या डोळ्यांचं आता फारसं काही होण्यासारखं नाही. नजरेच्या मधोमध डाग आलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते वर्षभर टिकलं तरी पुष्कळ. रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्यांनी बंद केलं. मोठं घर सोडून आता ते माझ्या शेजारच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला येताहेत. प्रश्न रेकॉर्डींचा आहे. चारशेच्या वर आहेत, बहुतेक सगळ्या रॉकच्या. त्या दोन खोल्यांत एक तर बाबा मावतील, नाहीतर रेकॉर्डी. एक व्यापारी सगळा संग्रह एकदम उचलायला तयार आहे आणि बाबा म्हणतात, "दे सगळ्या." लहानपणी ज्या माणसाने मला रेकॉर्डजवळ जायच्या आधी साबणाने हात धुवायला लावले, तोच म्हणतोय दे सगळ्या.

मला त्यातल्या पन्नास-साठ तरी त्यांच्यासाठी ठेवायच्यात. कुठल्या ठेवू विचारलं तर म्हणाले, "पहिल्या साच्यातल्या." त्या ओळखायच्या कशा विचारलं तर म्हणाले, "त्याला डोळे लागतात," आणि कूस बदलून झोपले. मला माहीत असलेला दुसरा जाणकार एकच, म्हणून हे पत्र.

आणखी एक विचारते. तुमचं आणि बाबांचं नेमकं काय झालं? आईला विचारलं की ती म्हणायची, "रेकॉर्डींवरून बिनसलं त्यांचं," आणि उठून कामाला लागायची. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात आणि घोटभर पाणीही न पिता निघून गेलात. बाबांना थोडंफार दिसतंय तोवर तुम्ही दोघांनी एकदा समोरासमोर बसावं, एवढीच माझी इच्छा आहे. ते जमणार नसेल तर निदान रेकॉर्डींचं सांगा.

तुम्हाला लिहिल्याचं बाबांना सांगितलेलं नाही.

ठमी

११ जानेवारी

ठमे,

आधी ते 'तुम्ही' गुंडाळून माळ्यावर ठेव. माझ्या खांद्यावर बसून माझे केस उपटायचीस तेव्हा मी 'ए मामा' होतो. केस गेले असले तरी मामा आहे तोच आहे.

डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्याहून जास्त लिहिता येत नाही. तुझा दुसरा प्रश्न मी वाचलाच नाही असं समज आणि पहिल्याचं उत्तर घे.

मी छापखान्यात चाळीस वर्षं काढली, तेव्हा छापण्याच्याच भाषेत सांगतो. रेकॉर्डही छापतातच. खाली-वर धातूचे साचे, मध्ये गरम प्लास्टिकचा गोळा, आणि त्यावर दाब. साचा नवा असतो तोवर रेघा धारदार उठतात. हजार-दोन हजार तबकड्या काढल्या की तो बोथट होतो, मग दुसरा लावतात, मग तिसरा. पहिल्या साच्यातली ज्याला मिळाली त्याच्या घरी ड्रमवाला खोलीत येऊन बसतो. बाकीच्यांच्या घरी तो शेजारच्यांकडे वाजवतोय असं वाटतं.

आता ओळखायचं कसं. शेवटची रेघ संपते आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामध्ये दोन बोटांची गुळगुळीत पट्टी असते. तबकडी दिव्याखाली तिरकी धर. सुईने ओरखडल्यासारखे आकडे दिसतील. त्यातला शेवटचा साच्याचा. तो एक असेल तर ठेव, दोन असेल तर विचार कर, चार-पाच असेल तर व्यापाऱ्याला दे आणि वर हसून दे. तबकडी धरायची ती कडेला. रेघांना बोट लागलंच तर मला कळवू नकोस, मला ब्लडप्रेशर आहे.

कव्हरवर जाऊ नकोस. जुन्या कव्हरची कड मागच्या बाजूला बाहेरून दुमडून चिकटवलेली असते, नंतरच्यांची आतून. ते बघावं, नोंदवावं आणि सोडून द्यावं. कव्हर बघून रेकॉर्ड घेणारा आणि फोटो बघून लग्न करणारा, दोघांनाही खरं काय ते घरी गेल्यावरच कळतं.

सगळ्यांत आधी एक बघ. निळं कव्हर आहे, त्यावर मोकळ्या रानात उभी केलेली शिडी, कशालाही न टेकलेली. चौघांच्या बँडची ती पहिलीच रेकॉर्ड. आम्ही तिला नुसतं शिडी म्हणायचो. तिचा आकडा लगेच कळव. बाकीची यादी सावकाश आली तरी चालेल.

मामा

२२ जानेवारी

ए मामा,

बघ, गुंडाळून ठेवलं.

तू साच्याचं मला सांगतोयस! मी पोटासाठी करते काय? दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. दिवसभर साचेच ओतते. पहिल्या साच्यातली कवळी म्हाताऱ्याला कशी चपखल बसते आणि तिसऱ्या खेपेला कशी टकटक वाजायला लागते, ते माझ्याकडून ऐक. कामावरचा भिंगाचा दिवा घरी आणलाय आणि रोज संध्याकाळी तीस-तीस रेकॉर्डी बघते. सवय झाली की आकडे आपोआप दिसतात. आतापर्यंत बावन्न 'एक' निघाल्या. एकीच्या पट्टीवर आकड्यांशेजारी कुणीतरी बारीक मासा कोरलाय. कारखान्यातल्या माणसाला कामाच्या वेळात एवढी फुरसत असायची म्हणजे नोकरी चांगली असणार.

बाबा बाहेरच्या खोलीत बसून असतात. मी फळीवरून कव्हर ओढलं की नुसत्या आवाजावरून सांगतात, "ती जाड पुठ्ठ्याची, डावीकडून विसावी." परवा म्हणाले, "तुला हे आकड्यांचं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, पुस्तकात वाचलं. "बरं पुस्तक आहे," म्हणाले. मला त्याची जरा धास्ती वाटली.

तुझी शिडी सापडली. कव्हर स्वच्छ आहे, पण आकडा दोन. हिरमोड झाला ना? थांब. त्याच फळीवर, रांगेच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या साध्या पांढऱ्या पाकिटात आणखी एक तबकडी मिळाली. तिला कव्हर नाही, पण तीही शिडीच आहे. आणि तिचा आकडा एक! ही भारी आहे का? बाबांना अजून विचारलं नाही. आधी तुलाच सांगितलं.

व्यापारी पुढच्या आठवड्यात येतोय.

ठमी

२६ जानेवारी

ठमे,

म्हणजे आहे तर. सव्वीस वर्षं मला वाटत होतं, ते आज तुझ्याच हाताने लिहून आलं.

तुला कारण हवं होतं ना, मग ऐक. माझ्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा माझा रेकॉर्डींचा खोका महिनाभर तुमच्याकडे ठेवला होता. त्यात माझी शिडी होती. तेव्हा आकडे वाचायची अक्कल मला नव्हती, तुझ्या बाबांना होती. खोका परत आला. पुढे वर्षभराने मीही आकडे वाचायला शिकलो आणि दर रविवारी तुझ्या बाबांच्या दुकानामागच्या खोलीत आमची मंडळी रेकॉर्ड ऐकायला जमायची, तिथे मोठ्या ऐटीत माझी शिडी बाहेर काढली. कव्हर अस्सल पहिलं, कड बाहेरून दुमडलेली. आतल्या तबकडीचा आकडा दोन. पहिल्या कव्हरात दुसऱ्या साच्याची तबकडी कशी येईल? कुणीतरी बदलल्याशिवाय येईल का? नऊजण बसले होते. त्यांच्यासमोर मी दाजींना चोर म्हणालो.

दाजी म्हणाले, "माझी शिडी फळीवर आहे, काढून बघ." मी म्हणालो, चोराच्या घराची झडती घ्यायला मी पोलीस नाही. आणि उठून आलो. त्यानंतर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. खऱ्या माणसाने बोलायला नको?

ती पांढऱ्या पाकिटातली माझी आहे. व्यापाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नकोस. नीट बांधून पाठव. मला दुसरं काही नको.

मामा

३ फेब्रुवारी

मामा,

म्हणजे तू पहिल्या दिवसापासून तिच्याच मागावर होतास. "सगळ्यांत आधी एक बघ." ताकाला जाऊन भांडं लपवलंस. मी वेडी, मला वाटलं मामा भाचीला शिकवतोय.

पत्र वाचून दोन दिवस मी बाबांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. खरंच घेतली असेल का, असं माझ्याही मनात आलं, आणि त्याची मला लाज वाटते. मग दिवा लावून तिन्ही गोष्टी, म्हणजे कव्हर आणि दोन्ही तबकड्या, परत बघितल्या, तू शिकवलंस तशाच. आता शिडी चढून तू कुठे पोचलायस ते बघ.

एक. बाबांच्या शिडीचं कव्हरही पहिलं आहे. कड बाहेरून दुमडलेली. आणि आत तबकडी दोन नंबरचीच. म्हणजे तुझ्यासारखीच जोडी. दोन्ही तुम्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्या होत्या, हे आईने मला अनेकदा सांगितलंय, कारण त्या दिवशी तुम्ही दोघं तिची औषधं आणायला गेला होतात आणि औषधं विसरून आलात.

दोन. बाबांनी तुझी 'एक' घेऊन आपली 'दोन' तुझ्या कव्हरात घातली असती, तर त्यांच्या कव्हरात आज 'एक' असायला हवी होती. तिथे 'दोन' आहे. तुझ्याकडे 'दोन'. आणि पांढऱ्या पाकिटात 'एक'. तबकड्या तीन झाल्या मामा, आणि तुम्ही विकत घेतल्या होत्या दोन.

तीन. पांढऱ्या पाकिटातल्या तबकडीच्या लेबलवर जांभळा गोल शिक्का आहे. रेडिओ केंद्राच्या संग्रहाचा. पाकिटात एक चिठ्ठीही आहे, केंद्राने जुन्या रेकॉर्डी काढून टाकल्या तेव्हाची. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. तुझ्या रेकॉर्डवर शिक्का होता का?

आणि चौथं, जे मला सगळ्यांत जास्त लागलं. "कव्हरवर जाऊ नकोस," हे अकरा तारखेला मला लिहिणारा माणूस तूच ना?

मी रेकॉर्ड पाठवणार नाही. व्यापारी तीनशे साठ घेऊन गेला. बाबांनी त्याला विचारलं, "गाडीत उभ्या ठेवल्यात ना?" एवढंच.

ठमी

१४ मार्च

ठमे,

पाच आठवडे लागले. त्यातले दोन तुझ्यावर चिडण्यात गेले. कालपरवाची पोर, कानामागून आली आणि तिखट झाली, असं भिंतीला सांगत बसलो. भिंत काही बोलेना. मग माझी शिडी काढली. सव्वीस वर्षांत तिला हात लावला नव्हता. कव्हरवर त्या दुकानाची चिकटपट्टी तशीच आहे.

माझ्या रेकॉर्डवर शिक्का नव्हता.

आता माझी अक्कल ऐक. छापखान्यात कव्हर छापायला घेतलं की शाई-पाट्या लावायलाच अर्धा दिवस जातो, म्हणून एकदम पाच-दहा हजार छापून ठेवतात. तबकड्या लागतील तशा थोड्या थोड्या निघतात. पहिला साचा झिजतो, दुसरा लागतो, आणि कव्हरं जुनीच चालू राहतात, संपेपर्यंत. हे मला कुणी सांगायला नको. अशा उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी डबा खाल्लाय. लोकांना मी हे शंभरदा सांगितलंय, दोघा-तिघांना फसण्यापासून वाचवलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्याकडे पहिली आहे असं मला वाटायला हवं होतं, म्हणून ती होती. ती नाही म्हटल्यावर कुणीतरी चोर हवा होता. जवळ तुझे बाबाच होते.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. त्यांनी बघ म्हटल्यावर मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दोन मिनिटांत हसून चहा प्यायलो असतो. दोन मिनिटं, ठमे. त्यापायी माझी ताई माझ्या घरी आली नाही आणि मी तिच्या घरी गेलो नाही. ती गेली त्या दिवशी दारात उभा होतो तेव्हा आत यायचं फार मनात होतं. पाय उचलला नाही.

सोबत दाजींसाठी वेगळं पत्र आहे. कडेने दिसेल म्हणून अक्षरं मोठी काढलीत. त्यांच्यापुढे धर. त्यांनी फाडलं तर फाडू दे. फक्त मला कळव.

मामा

२४ मार्च

ए मामा,

तुझं पत्र बाबांपुढे धरलं. एवढी ढब्बू अक्षरं काढलीस तरी त्यांना जेमतेम तीन-चार शब्द लागले. मग म्हणाले, "तू वाच." वाचलं. म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाले, "ते पुस्तक म्हणजे हाच ना?" मी हो म्हटलं. "वाटलंच. एवढं नीट दुसरं कुणी शिकवत नाही."

पुढचं त्यांनी सांगितलं तसंच लिहितेय:

"छापखानेबुवा, चोर म्हणालास त्याचं मला त्या दिवशी फार वाटलं नाही. रागात माणूस बोलून जातो. बघ म्हटल्यावर बघितलं नाहीस, ते लागलं. मग मीही हट्टाला पेटलो की आता हा स्वतः विचारील तेव्हाच बोलायचं.

"अकरा वर्षांपूर्वी रेडिओ केंद्राने जुना संग्रह काढला, त्यात शिडी निघाली. घरी आणून भिंगाखाली धरली, आकडा एक. तशीच पिशवीत घालून तुझ्याकडे निघालो. तुला द्यायची म्हणूनच घेतली होती. आमच्याच जिन्यात अर्ध्यावर थांबलो. ती तुझ्या हातात ठेवली असती तर तू म्हणाला असतास, शेवटी परत केलीस ना. जगात ती एकाच माणसाला देण्यासारखी होती आणि नेमकी त्यालाच देता येत नव्हती. परत वर आलो आणि रांगेमागे ठेवून दिली.

"तुझी ताई म्हणाली, मी नेऊन देते, पुढे काय व्हायचं ते होऊ दे. मी नाही म्हणालो. त्यावरून पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ती बरोबर होती. तुझ्या एका शब्दाने तिचा भाऊ तुटला आणि माझ्या एका नकाराने तो तुटलेलाच राहिला. ते ओझं आपण दोघांनी अर्धं अर्धं उचलायचं. सगळं तू एकटा उचलायला निघालायस, ते मला मान्य नाही.

"माफी मागतोस ते ठीक. पण चोर म्हणालास नऊजणांसमोर आणि माफी मागतोस बंद पाकिटात. त्यांतले जे उरलेत त्यांना लिही. मग ये."

सांगून झाल्यावर बाबांनी विचारलं, "फार कडक झालं का? शेवटचं खोडतेस?" मी म्हटलं, पेनने लिहिलंय. "मग राहू दे," म्हणाले.

मामा, लिही रे.

ठमी

१९ एप्रिल

ठमे,

तू आठ दिवस कामाच्या शिक्षणाला गेलीस आणि दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात मारलेस. दोघेही जिवंत आहेत, हे आधी कळवतो.

गेल्या सोमवारी आलो. दार दाजींनीच उघडलं. माझ्याकडे बघेनात, मान वळवून भलतीकडेच बघत उभे राहिले. मला वाटलं, अजून राग आहे, आल्या पावली जावं. मग लक्षात आलं, त्यांना कडेनेच दिसतं. ते मलाच बघत होते. "टक्कल पडलं की रे तुला," म्हणाले. आत येऊन पाणी प्यायलो, एक पेला संपवून दुसरा मागितला.

पाचजण उरलेत. पाचही पत्रं इथे येण्याआधीच टाकली. 'त्या दिवशी मी तुमच्यासमोर ज्यांना चोर म्हणालो, त्यांनी काहीही घेतलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती कळायला मला सव्वीस वर्षं लागली.' एवढंच. तिघांची उत्तरं इथल्या पत्त्यावर आली. दोघांनी दाजींची ख्यालीखुशाली विचारलीय. तिसरा लिहितो, 'तो चोर नाही हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. तुला सांगायची कुणाची छाती झाली नाही.' हे मी दाजींना वाचून दाखवलं आणि नंतर बाहेर जाऊन जरा फिरून आलो.

मंगळवारी तिन्ही शिड्या लावून ऐकल्या. पहिली तुझ्या बाबांची, मग माझी, मग ती एक नंबरची. ऐकून झाल्यावर दाजी म्हणाले, "फरक कळला?" मी म्हटलं, खरं सांगू का, नाही. "मलाही नाही," म्हणाले. दोघांचेही कान आता तेवढ्या लायकीचे राहिलेले नाहीत. इतके हसलो की शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली, काही हवंय का.

आज सकाळी मात्र म्हणाले, "पाच झाली. एक राहिलं." मी बोटांवर नावं मोजून दाखवली, कुणी राहिलं नव्हतं. "तुझी ताई," म्हणाले. "ती त्या खोलीत नव्हती. पण ते वाक्य सगळ्यांत जास्त वर्षं तिनेच ऐकलं."

मी म्हटलं, ती कुठे वाचणार आता?

म्हणाले, "तू लिही. तिच्या वतीने मी ऐकेन."

तेव्हापासून टेबलाशी बसलोय. त्या पाचजणांना लिहायला मला एक दुपार पुरली होती. इथे 'ताई' एवढं लिहून झालंय आणि पुढचा शब्द येत नाही. म्हणून मध्येच हे तुला लिहायला घेतलं. दाजी समोर खुर्चीत बसून आहेत. मी मघाशी म्हटलं, तुम्ही पडा जरा, मला वेळ लागेल. म्हणाले, "लागू दे. मी बसतो."

मामा